पाळण्यातले नागरिक

चामोर्शीहून घोटकडे किंवा आष्टीहून मुलचेऱ्याकडे निघालेला नवखा प्रवासी वाटेतल्या गावांच्या पाट्या वाचून जरा बुचकळ्यात पडतो. हा मुलूख गोंड-माडियांचा. इथल्या गावांची नावे झाडांची, नाल्यांची, पहाडांची. आणि त्यांच्यामध्येच अकस्मात विवेकानंदपूर, सुंदरनगर, कालीनगर, शांतिग्राम, देशबंधुग्राम! पाटी देवनागरीतली, तालुका गडचिरोली जिल्ह्यातला, पण घरामागे लहानसे तळे, तळ्यात मासळी, आणि आश्विनात दुर्गेच्या मंडपाची लगबग. चंद्रपूर शहरात मूल रस्त्याला लागणारा ‘बंगाली कॅम्प’ सर्वांच्या परिचयाचा आहे. या गावांचे मूळही तेथल्यासारखेच. पूर्व बंगालमधून उठून आलेल्या माणसांनी ही गावे वसविली.

फाळणीच्या वेळच्या निर्वासितांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. पण ते बहुतेक पंजाब-सिंधकडून आलेल्यांविषयी. कल्याणजवळचे उल्हासनगर आपल्या डोळ्यांपुढे होते, चांद्याचे जंगल नव्हते. शिवाय पंजाबची ये-जा वर्षा-दोन वर्षांत संपली आणि बंगालची चालूच राहिली. १९५२च्या ऑक्टोबरात भारत व पूर्व पाकिस्तान यांच्यामध्ये पासपोर्ट आणि व्हिसा आले, तरी माणसे येतच राहिली. १९६३च्या डिसेंबरअखेर श्रीनगरच्या हजरतबलमधील पवित्र केस नाहीसा झाला. तो आठवडाभरात सापडला, पण तेवढ्या अवधीत खुलन्याला दंगली पेटल्या आणि जानेवारीत त्या ढाका-नारायणगंजपर्यंत पोचल्या. काश्मिरातल्या एका घटनेने खुलन्याचा धानकरी आपली बांधी सोडून निघाला! इतिहासाच्या वाटा अशा आडवळणाच्या असतात.

पश्चिम बंगालने आता जागा नाही म्हणून हात वर केले. मग आगगाड्या भरून ही माणसे रायपूरकडे, माना येथल्या छावणीत आणली गेली. महायुद्धाच्या काळात तेथे विमानांची धावपट्टी होती. १९५८ साली सुरू झालेली दंडकारण्य योजना कोरापूट आणि बस्तरमध्ये त्यांना जमिनी देत होतीच. त्याच सुमारास महाराष्ट्रानेही चांदा जिल्ह्याच्या जंगलभागात आणि भंडारा जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगावकडे त्यांच्या वसाहती केल्या. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. तो १९८२ साली झाला. गोंदिया तर १९९९ साली.

पण या लेखाचा विषय वसाहतींचा इतिहास हा नव्हे. त्या वसाहतींतल्या एकाच झोपडीत निरनिराळ्या देशांची माणसे राहत होती, या एका चमत्कारिक गोष्टीकडे मला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

समजा, १९६४ साली एक जोडपे दोन मुलांना घेऊन खुलन्याहून निघाले आणि मानाच्या छावणीत, तंबूमध्ये, त्यांना तिसरे मूल झाले. १९५५च्या नागरिकत्व कायद्याचे तिसरे कलम तेव्हा अगदी मोकळ्या मनाचे होते. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर जो भारतात जन्मला तो भारताचा नागरिक. आईबाप कोण, कुठले, त्यांच्याजवळ कागद आहे की नाही, हे कायदा विचारत नव्हता. परक्या राजदूताचे मूल आणि शत्रूने व्यापलेल्या प्रदेशात शत्रूच्या घरी जन्मलेले मूल, एवढेच काय ते अपवाद. म्हणजे तंबूतले ते तान्हे पहिल्या ट्यँहॅला भारताचे नागरिक झाले. त्याला मांडीवर घेऊन बसलेली आई मात्र पूर्व पाकिस्तानची, बापही तसाच, दोन थोरली भावंडेही तशीच. १९५७ पर्यंत पाकिस्तानी माणूस आपल्या कायद्याच्या व्याख्येत ‘परकीय’ ठरतच नव्हता. त्या वर्षी व्याख्या बदलली आणि जो भारताचा नागरिक नाही तो परकीय, असे सरळ सूत्र झाले. तेव्हा पाच माणसांच्या त्या कुटुंबात चार परकीय आणि एक भारतीय, आणि तो एकटा भारतीय दूध पिऊन झोपलेला!

आता प्रश्न असा, की या भारतीय बाळाला आपल्या आईबापांना आपल्या देशात ठेवून घेण्याचा काही हक्क होता काय? मुळीच नव्हता. कायद्यातील पाचवे कलम नोंदणीने नागरिकत्व देण्याचे. तेथे भारतीयाशी विवाह झालेली स्त्री आहे. नागरिकाचे अज्ञान मूल आहे. म्हणजे नवऱ्याकडून बायकोला आणि आईबापांकडून मुलाला नागरिकत्व मिळू शकते. मुलाकडून आईबापांना ते मिळण्याची सोय कोठेही नाही. धानाच्या शेतीत वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत उतरते, खालचे वर कधी चढत नाही. आपल्या नागरिकत्वाची रीत नेमकी तशीच आहे.

त्या काळी हे कोणाला जाणवले नाही, आणि न जाणवण्याचे कारणही साधे होते. त्याच पाचव्या कलमात एक दरवाजा चांगला ऐसपैस होता. जो मूळचा भारतीय वंशाचा, म्हणजे जो स्वतः किंवा ज्याचे आईबाप, आजीआजोबा अविभक्त हिंदुस्थानात जन्मले, त्याने भारतात सहा महिने राहून अर्ज केला की त्याची नोंदणी होऊ शके. खुलना, बरिसाल, फरीदपूर हे सारे १९४७ पूर्वीचा हिंदुस्थानच. तेव्हा आईबापांना मुलाच्या आधाराची गरजच नव्हती. अर्ज भरावा, शपथ घ्यावी, दाखला घ्यावा. दाराने येता येत असेल तर खिडकी नाही म्हणून कोण कुरकुर करील?

तरी त्या दारातूनही सगळेच आत आले असे नाही. ज्यांना जमिनीचा पट्टा मिळाला, रेशनकार्ड मिळाले, पुढे मतदार यादीत नाव आले, त्यांना वाटले की आपण झालो इथले. सरकारनेच आगगाडीत बसवून आणलेले, सरकारनेच जमीन मोजून दिलेली; आता आणखी कसला दाखला? जंगल तोडून पहिले धान हाती येईपर्यंत हिवतापाशी झुंज चाललेली. अशा वेळी जिल्हाकचेरीत जाऊन नागरिकत्वाचा अर्ज भरण्याची बुद्धी कोणाला होणार? ज्यांनी तो वेळेवर भरला ते शहाणे ठरले. न भरलेल्यांना मूर्ख म्हणावयास मात्र माझी जीभ उचलत नाही. पट्टा म्हणजे नागरिकत्व नव्हे आणि मतदार यादी म्हणजेही नागरिकत्व नव्हे, हा भेद वकिलांना कळतो. धानकऱ्याला तो कळावा कसा?

येथे एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. ज्या जंगलात ही गावे वसली ते कोणाचे होते, हा प्रश्न मूळच्या गोंड-माडियांच्या मनात होता आणि आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यांच्या हाती जमिनीचा कागद नव्हता, आणि परप्रांतातून आलेल्याला तो सरकारने दिला. जंगलातल्या मूळ रहिवाशांचे हक्क मान्य करणारा कायदा व्हायला २००६ साल उजाडावे लागले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा त्याचे देशभर कौतुक झाले. कागदाविना आपल्याच भूमीवर उपरे ठरण्याचा अनुभव या जिल्ह्यांत केवळ निर्वासितांचा नाही.

पुढे तो ऐसपैस दरवाजा आकसत गेला. १९७१च्या २५ मार्चनंतर पूर्व बंगालमधून जो लोंढा आला तो कोटीच्या घरातला होता. ही माणसे परत जावयाची आहेत, असे धरूनच त्यांना छावण्यांत ठेवले गेले. बांगलादेश झाल्यावर बहुतेक गेलीही. पण जे राहिले, किंवा पुढे पुन्हा आले आणि नात्यागोत्याच्या ओढीने या वसाहतींत विसावले, त्यांच्यासाठी नोंदणीची वाट अवघड झाली. १९८६च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची पाच वर्षे झाली, २००३च्या दुरुस्तीने सात. आणि त्याच दुरुस्तीने ‘बेकायदा स्थलांतरित’ अशी एक जात निर्माण केली. वैध कागदाशिवाय जो आला तो या जातीचा. त्याला ना नोंदणी, ना दीर्घ निवासाने मिळणारे नागरिकत्व.

पाळण्यातल्या नागरिकाचाही भाव उतरला. १ जुलै १९८७ पासून नुसता जन्म पुरेनासा झाला. आई किंवा बाप यांपैकी एकजण भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून तेवढ्यानेही भागेना. एकजण भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. परिणाम काय झाला पाहा. १९८० साली आलेल्या, दाखला न काढलेल्या एखाद्या जोडप्याला १९८५ साली मुलगा झाला असेल तर तो भारतीय. १९८९ साली त्याच घरात, त्याच सुइणीच्या हातून मुलगी झाली असेल तर ती भारतीय नाही. एका ताटात जेवणारी भावंडे, आणि मधून सरहद्द गेलेली! रॅडक्लिफसाहेबाच्या रेषेने निदान घरे तरी ओलांडली नव्हती, असे म्हणण्याचा मोह होतो. (अर्थात काही ठिकाणी तिने तीही ओलांडली होती.)

मराठीत एक रोखठोक म्हण आहे: बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर. पूर्वी ती वादात वापरत. आता या वसाहतींतल्या तरुणाला ती सरकारी खिडकीवर अक्षरशः अनुभवावी लागते. जातीचा दाखला हवा, तर बापाचा, आजाचा पुरावा आणा. ते १९५० साली कोठे राहत होते ते सांगा. या लोकांत नामशूद्र पुष्कळ. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत ती नाही. आणि ती घालावी ही मागणी जुनी आहे. मुलगा इथे जन्मला, मराठी शाळेत शिकला, ‘जन गण मन’ तर त्याच्या मातृभाषेतूनच आलेले! पण खिडकीवरचा प्रश्न त्याच्याविषयी नसतो, त्याच्या बापाविषयी असतो. बापाजवळ असते काय? सरहद्दीवर मिळालेली एखादी चिठ्ठी, छावणीचे कार्ड, आणि तेही पावसाळ्यात भिजून अक्षरे पुसलेले.

आता वैनगंगेच्या खोऱ्यातच थोडे उत्तरेला, गडचिरोलीच्या शिवेपलीकडे जाऊ. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात अरुणनगर, गौरनगर ही बंगाली गावे आहेत, आणि त्याच तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या बाजूला, गोठणगाव-प्रतापगडाजवळ नॉरग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. ती १९७२ सालची. हिमालयापलीकडच्या थंडीत वाढलेल्या माणसांना विदर्भाच्या उन्हाळ्यात आणून बसविले आणि त्यांनी धान लावले; थंडीच्या दिवसांत लोकरी स्वेटर विकायला ती शहरांत जातात. नागपूरकरांना तिबेटी स्वेटरांचा बाजार चांगलाच ठाऊक आहे.

एकाच तालुक्यातले हे दोन निर्वासित. पण बंगाल्यासाठी ‘भारतीय वंश’ हे दार होते, तिबेट्यासाठी ते नव्हते. ल्हासा कधीच अविभक्त हिंदुस्थानात नव्हते. त्यामुळे आमच्या प्रश्नाचे खरे, निखळ रूप पाहावयाचे तर ते नॉरग्येलिंगमध्ये. १९५९ नंतर आलेला तिबेटी कायद्याने परकीय. त्याच्यापाशी पोलीस कचेरीने दिलेले नोंदणीपत्र. ते वर्षाच्या वर्षाला, पुढे पाच वर्षांनी, नवे करून घ्यावयाचे. परदेशी जायचे तर पासपोर्ट नाही, पिवळ्या मुखपृष्ठाचे एक ओळखपुस्तक. आणि त्याच्या घरी १९७३ साली जन्मलेली मुलगी? तिसऱ्या कलमाप्रमाणे ती भारताची नागरिक. पण हे तिला कोणी सांगितले नाही. सोळा वर्षांची झाल्यावर तिच्याही हाती परकीयाचे नोंदणीपत्र दिले गेले, आणि तिनेही ते मुकाट्याने घेतले.

हा घोळ न्यायालयात पोचायला फार वर्षे लागली. हिमाचलात १९८६ साली जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीने भारतीय पासपोर्ट मागितला. तुझ्याजवळ तिबेटी ओळखपुस्तक आहे, तू स्वतःला तिबेटी म्हणवतेस, असे म्हणून तो नाकारला गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० सालच्या डिसेंबरात निकाल दिला की कायद्याने जन्मतः मिळालेले नागरिकत्व अर्जावरच्या एका शब्दाने जात नाही. २०१४ साली निवडणूक आयोगानेही २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या मुदतीत भारतात जन्मलेल्या तिबेटी मुलांची नावे यादीत घ्यावी, असे सांगितले.

येथवर सारे ठीक. पण २०१६ साली त्याच न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर, २०१७ साली परराष्ट्र खात्याने पासपोर्ट देताना ज्या अटी घातल्या त्या वाचण्यासारख्या होत्या. नोंदणीपत्र रद्द करून घ्या, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडा, आणि तिबेटी वसाहतीत राहू नका. खात्याचा तर्क समजण्यासारखा आहे: नागरिक झालात तर निर्वासितांच्या जागेत का राहता? पण वसाहतीत राहतात कोण? तिचे म्हातारे आईबाप. म्हणजे मुलीच्या नागरिकत्वाने आईबापांना इथे राहण्याचा हक्क तर दिला नाहीच, उलट मुलीलाच आईबापांच्या घरातून उठावयास सांगितले. कित्येकांनी पासपोर्ट नको म्हटले असेल तर त्यात नवल वाटत नाही. देशाची कन्या व्हायचे की घरची, हा प्रश्न कोणाच्याही मुलीपुढे टाकू नये.

जगात अन्यत्र याचा विचार कसा झाला, तेही पाहण्याजोगे आहे. आयर्लंडमध्ये १९८९च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आयरिश मुलाला आपल्या आईबापांचा सहवास मिळण्याचा हक्क आहे, आणि तो मोडायचा तर सरकारने भक्कम कारण द्यावे. तेरा वर्षांनी त्याच न्यायालयाने हात आखडता घेतला, आणि २००४ सालच्या सार्वमताने नुसत्या जन्माने मिळणारे नागरिकत्वच घटनेतून काढले गेले. खिडकी फार मोठी वाटू लागली की लोक भिंत बांधतात. अमेरिकेत जन्मलेले मूल १८६८ च्या घटनादुरुस्तीपासून तेथले नागरिक. पण आईबापांसाठी अर्ज करायला ते एकवीस वर्षांचे व्हावे लागते. तेथे नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्या कित्येक मराठी कुटुंबांना हा हिशेब तोंडपाठ आहे. आपण कामाच्या व्हिसावर, आणि शाळेत जाणारा मुलगा अमेरिकन.

सर्वांत पुढचे पाऊल युरोपच्या न्यायालयाने टाकले. कोलंबियातून बेल्जममध्ये आश्रयाला आलेले एक जोडपे, आश्रय नाकारलेला, तेथे झालेली दोन मुले मात्र बेल्जमची नागरिक. झांब्रानो खटला या नावाने तो प्रसिद्ध आहे. ८ मार्च २०११ रोजी न्यायालयाने म्हटले की आईबापांना हाकलले तर तान्ह्या मुलांनाही त्यांच्याबरोबर जावे लागणार. मग त्यांच्या नागरिकत्वाला अर्थ काय उरला? म्हणून बापाला राहण्याचाच नव्हे तर काम करण्याचाही परवाना दिला पाहिजे. हा विचार आईबापांच्या दयेपोटी केलेला नाही, मुलाच्या हक्कापोटी केला आहे, आणि माझ्या मते त्यातच त्याचे बळ आहे. मानाच्या तंबूतल्या त्या तान्ह्याच्या बाजूने कोणी वकील उभा राहिला असता तर त्याने दुसरे काय सांगितले असते?

आपल्याकडे हा प्रश्न अजूनही दयेच्या हवाली आहे, आणि दयेला हवामानासारखे ऋतू असतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा अटारीच्या नाक्यावर पाकिस्तानी पासपोर्टची आई आणि भारतीय पासपोर्टची लेकरे अशा ताटातुटी झाल्या. हत्याऱ्यांविषयीचा संताप रास्तच होता. पण त्या लेकरांचा देश कोणता, आणि त्या देशाने त्यांचे काय देणे लागते, हा प्रश्न त्या गर्दीत कोणी विचारला नाही.

चांद्याच्या वसाहतींपुरते बोलायचे तर २०१९ साली कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांवरचा ‘बेकायदा’ हा शिक्का निघाला. मुसलमानांना वगळल्यावरून देशभर जो वाद झाला तो सर्वांना ठाऊक आहे. नॉरग्येलिंगला तर या दुरुस्तीचा उपयोगच नाही, कारण तीन देशांच्या यादीत तिबेट नाही. नियम यायला ११ मार्च २०२४ उजाडले.

त्या नियमांसोबत अर्जाचे निरनिराळे नमुने आले. भारतीय वंशाच्या माणसासाठी एक, भारतीयाशी लग्न झालेल्यासाठी एक, भारतीयाच्या अज्ञान मुलासाठी एक, ज्याचे आईबाप भारतीय म्हणून नोंदले गेले त्याच्यासाठी एक. भारतीय मुलाच्या आईसाठी किंवा बापासाठी नमुना याही वेळी नाही. अर्जदाराच्या चालचलणुकीविषयी कोणा भारतीय नागरिकाचे प्रतिज्ञापत्र तेवढे लागते. आणि सर्वांत आधी जोडावयाचा तो कागद अर्जदार, किंवा त्याचे आईबाप, आजे-पणजे त्या परक्या देशाचे होते हे दाखविणारा. साठ वर्षे जो म्हातारा आपण इथलेच असे सांगत आला, त्याने आता ट्रंकेच्या तळातून खुलन्याच्या शेताचे खतपत्र शोधून काढायचे. ते सापडले तर मुलचेऱ्याहून गडचिरोलीला न्यायचे. आणि ते वाचून दाखवायला बरोबर कोणी तरी बंगाली जाणणारा हवा, कारण इथे जन्मलेल्या मुलाला आणि नातवाला ती लिपी आता धड येत नाही.